वळ जिथे उमटला नाही

"मला नाही जमणार हे, मॅडम. ही तिसरी वेळ. पाण्याची भीती माझ्या रक्तातच आहे, दुसरं काही नाही."

बोटीवर बसल्या बसल्या ताई असं म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. मी डायव्हिंग शिकवते. हे वाक्य मी खूपदा ऐकलं आहे आणि पुष्कळदा ते खरंही असतं. काहींना पाण्याखाली कोंडल्यासारखं होतं. अशा माणसाला 'अजून एकदा बघा ना' म्हणून गळ घालू नये, असं माझं ठाम मत आहे. पण ताईंच्या बाबतीत ते वाक्य मला पटेना. त्या पट्टीच्या पोहणाऱ्या होत्या. सकाळी पाण्यात उतरताना त्यांचा हात जरासुद्धा थरथरला नव्हता. घाबरट माणूस असा उतरत नाही.

खाली मात्र सगळं बिनसलं होतं. आम्ही ८ मीटरवर होतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी त्या थांबायच्या, मान वर करून मास्कची वरची कड कपाळाशी दाबायच्या आणि नाकातून जोरात हवा सोडून आत आलेलं पाणी बाहेर काढायच्या. पद्धत अगदी बरोबर होती. पाणी जायचं आणि लगेच पुन्हा झिरपायला लागायचं. २५ मिनिटांत त्यांचा सिलिंडर २०० बारवरून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ६० बारवर आला. इतक्या वेळात मी त्यांच्या निम्मीसुद्धा हवा वापरली नव्हती. शेवटी एकदा मास्क निम्मा भरला, नाकात पाणी गेलं, आणि त्या डोळे मिटून अंगठा वर दाखवत, म्हणजे 'वर जायचंय' ही खूण करत, सरळ वर सुटल्या.

तो क्षण मला आजही आठवतो. श्वास रोखून ८ मीटरवरून वर आलं, तर फुप्फुसातली हवा पृष्ठभागापर्यंत पावणेदोन पटीहून जास्त फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. मी त्यांच्या जाकिटाचा पट्टा धरला, त्यांच्यासमोर आले आणि माझ्या तोंडातून बुडबुडे सोडत राहिले. त्यांनी डोळे किलकिले केले, माझे बुडबुडे बघितले आणि स्वतःही हवा सोडायला लागल्या. सावकाश, एकमेकींना धरून आम्ही वर आलो. त्या सुखरूप होत्या. माझ्या जिवात जीव आला तो त्या खोकून नीट बोलायला लागल्यावर.

त्यांनी टॉवेल बाजूला केला तेव्हा मला ते दिसलं. मास्क घट्ट बसला की चेहऱ्यावर वळ उमटतो, कपाळावरून, गालांवरून, नाकाखालून गेलेलं एक कडं. ताईंचा वळ चांगला लालभडक होता. पण तो पुरा नव्हता. डाव्या नाकपुडीच्या बाजूला, गालावरची घडी ओठाच्या कोपऱ्याकडे उतरते तिथे, बोटभर जागा कोरी होती. बाकी सगळीकडे सिलिकॉन रुतलं होतं आणि तिथे कातडीला टेकलंसुद्धा नव्हतं.

"ताई, पाणी कुठून येत होतं? डावीकडून, खालून?"

त्यांनी थोडा विचार केला. "हो. तिन्ही वेळा तिथूनच. मला वाटलं सगळ्यांनाच येतं."

इथे माझी चूक कबूल करायला हवी. उतरण्याआधी त्यांनी मला सांगितलं होतं की मास्क गळतो. मी मास्क हातानं चेहऱ्यावर धरून बघितला, त्यांना नाकातून हलका श्वास घ्यायला सांगितला, मास्क चिकटला. म्हणून मी पट्टा दोन खाचा आवळला आणि चला म्हटलं. दोन्ही गोष्टी चुकल्या. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवणं एवढंच. मास्क चेहऱ्याशी दाबून धरण्याचं काम बाहेरच्या पाण्याचा दाब करतो. पट्टा जास्त आवळला की चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, जिला आम्ही स्कर्ट म्हणतो, ती वेडीवाकडी होते आणि उलट फट पडते. दुसरी चूक त्याहून मोठी. मी ती चाचणी त्यांचं तोंड रिकामं असताना केली होती.

दुपारी केंद्रावर आल्यावर मी एक सुटा माउथपीस, म्हणजे पाण्याखाली श्वास घेताना दातांत धरायचा मऊ तुकडा, धुऊन त्यांच्या हातात दिला. "हा दातांत धरा. आता मास्क लावा, पट्टा मागे टाकू नका."

माउथपीस दातांत धरला की वरचा ओठ उचलला जातो, गाल थोडे ताणले जातात आणि नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल होते. ताईंचा चेहरा निमुळता, गालांची हाडं वर आलेली, आणि ती घडी मुळातच खोल. तोंड रिकामं असताना चिकटलेला तोच सकाळचा मास्क आता श्वास आत घेतला तरी सुळकन खाली आला. आम्ही दोघी त्या मास्ककडे बघत राहिलो. तीन वेळचं पाणी त्या एका घडीतून आलं होतं.

ताई बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. खुर्चीत बसून थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणजे मी भित्री नाही?"

मग केंद्रावर जितक्या घडणीचे मास्क होते तितके मी काढले, सहकाऱ्यांचे जादाचेसुद्धा. क्रम एकच. आधी छताकडे बघायचं, मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवायचा, आणि कड सगळीकडे टेकते का ते दुसऱ्यानं बघायचं. कपाळावरचे केस मागे, कारण एक बट अडकली तरी पाणी येतं. मिशी असली तर नाकाखाली असाच त्रास होतो. मग माउथपीस दातांत, हलका श्वास, हात सोडून मान खाली. पहिले तीन पडले. चौथा चिकटला, पण त्याची चौकट दोन भुवयांच्या मध्ये टेकत होती. तो मी बाजूला ठेवला. दुकानात दोन मिनिटं जे नुसतं टेकतं, ते पाण्याखाली चाळीस मिनिटांत ठणकायला लागतं. पाचवा एका सहकारिणीचा होता, लहान, नाकाखाली अरुंद, दुहेरी आणि फार मऊ कडेचा. तो राहिला. मी ताईंना हसायला सांगितलं, तरी राहिला. नाकाच्या खोळीवरून नाक चिमटीत धरून कान मोकळे करता येतात का, तेही बघून घेतलं. ते जमत नसेल तर मास्क कितीही छान बसू दे, डायव्हिंगला निरुपयोगी. पोहण्याचा गॉगल खाली नेत नाहीत तोही नाकापायीच. १० मीटरवर आतली हवा आकसून निम्मी होते, ती भरून काढायला नाकातून फुंकावं लागतं. नाक बाहेर असेल तर डोळ्यांवर जणू तुंबडी बसते आणि रक्त साकळतं. स्नॉर्कलिंगचे तोंड झाकणारे पूर्ण मुखवटे येतात, तेही स्कूबासाठी नाहीत.

त्या वेळी ताईंनी मला सांगितलं की त्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, रेग्युलेटर घ्यायला, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं उपकरण. ओळखीच्या कुणीतरी म्हटलं होतं, श्वास ज्याच्यावर चालतो ती वस्तू आधी स्वतःची असावी. ऐकायला पटतं. पण चांगल्या केंद्राचा, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेला रेग्युलेटर तुमच्या-माझ्या तोंडात सारखाच चालतो. तो घेतला की त्याच्या देखभालीचं लचांडही वर्षानुवर्षं आपल्याकडे. मास्कचं तसं नाही. सगळ्या सामानात मास्कच असा, की जो दुसऱ्याला अगदी नीट बसतो आणि आपल्याला बुडवतो. म्हणून मी प्रत्येकाला तोच आधी घ्यायला सांगते आणि त्यानंतर डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून अंगात किती नायट्रोजन साठला याचा हिशेब ठेवणारं छोटं यंत्र. भाड्याच्या कॉम्प्युटरमध्ये सकाळी दुसऱ्या कुणाच्या डाइव्हचा नायट्रोजन मोजलेला असू शकतो, आपल्या अंगातला नव्हे. पंख, सूट, जाकीट यांची घाई करू नये. पन्नासेक डाइव्ह झाल्यावर आपल्याला काय हवं ते आपोआप कळतं.

दुपारच्या फेरीला मी ताईंना यायचा आग्रह केला नाही. त्या स्वतःच सूट चढवून बोटीजवळ उभ्या होत्या. तो उसना मास्क त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, पट्टा सैल.

पुन्हा ८ मीटर. पहिली पाच मिनिटं त्यांचा डावा हात सवयीनं गालाकडे जात होता. मग तो खाली आला आणि खालीच राहिला. एका खडकाच्या कपारीत ऑक्टोपस होता. त्याचा रंग बदलत होता, तपकिरीवरून पांढुरका, परत तपकिरी. ताई त्याच्यासमोर पोटावर तरंगत राहिल्या, बहुधा पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडे ठेवून. मी त्यांना गेज दाखवायची खूण केली तेव्हा ४० मिनिटं झाली होती आणि सिलिंडरमध्ये ९० बार शिल्लक होते. वर येताना अंगातला नायट्रोजन निघावा म्हणून ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो. तिथेही त्या खालीच बघत होत्या.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. माउथपीस पिशवीत घेऊन त्या दुकानात गेल्या होत्या आणि तो दातांत धरून त्यांनी अकरा मास्क लावून बघितले. दुकानदारानं आधी विचित्र नजरेनं बघितलं, मग स्वतः आणखी मास्क काढून दिले. त्यांना निळा हवा होता, तो घडीशी उचलला जात होता. काळा घेतला. काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, असल्याची खूण काचेवर बघून घेतली, आणि आत नंबरची काच बसवता येते हेही विचारून ठेवलं, कारण चाळिशी लागल्यापासून त्यांना गेजवरचे आकडे पुसट दिसतात.

"पण घरी बादलीत लावून बघितला तर आत सगळं धुकं," त्या म्हणाल्या. "खराब निघाला का?"

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातून सिलिकॉनचा पातळ थर येतो, त्यानं ते होतं. आतून साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटानं चोळा, जेलवाली नको, दोन-तीन वेळा करा, असं मी सांगितलं. फोन चालू असतानाच पलीकडे नळाचा आवाज सुरू झाला.