वशिंडातली छिद्रं अखेर गेली

मेणाच्या साच्यातून ब्राँझमध्ये ओतलेल्या माझ्या छोट्या नंदीचं वशिंड भरीव आलं! कापून, घासून, भिंगाखाली फिरवून पाहिलं, एक छिद्र नाही. मागचे फोटो पाहिलेल्यांना आठवत असेल: बाकी सगळा नंदी देखणा, घुंगुरमाळेचा मणी न् मणी उठलेला, पण वशिंडावर कानस फिरवली की खालून काळी टिंबं वर यायची. जितकं घासावं तितकी जास्त.

कारण म्हणून बहुतेकांनी गॅसकडे बोट दाखवलं होतं आणि तो संशय रास्तच होता. जिप्समवाली इन्व्हेस्टमेंट (मेणाभोवती ओततो ते साच्याचं प्लास्टर) जास्त तापली आणि साच्यात मेणाचा कार्बन उरलेला असला, की जिप्सम फुटून सल्फरचा वायू सुटतो आणि धातूच्या रसाला भोकं पाडतो. म्हणून भट्टीत दुसरा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून आकडे पडताळले, ते जुळले. बर्नआउट, म्हणजे साच्यातलं मेण जाळून काढणं, तेही घाईचं नव्हतं. 150 अंशांना मेण उतरवलं, 370 ला थांबलो, मग 730 ला फ्लास्कचं (साचा ज्यात असतो त्या नळकांड्याचं) तोंड आतून पांढरंशुभ्र दिसेपर्यंत. मूस कोरडी, रसावर टाकणखार आणि कोळसा. तरी टिंबं आहेतच.

मग जीव घट्ट करून नंदी सोनाराच्या करवतीने मधोमध उभा कापला, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासली आणि भिंग लावलं. गॅसची छिद्रं गोल असतात, आतून गुळगुळीत. ही वेडीवाकडी, कंगोरेदार, फांद्या फुटल्यासारखी एकमेकांत गेलेली, आणि सगळी वशिंड आणि मानेच्या जोडाशी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. पायांत, शेपटीत, चौथऱ्यात एकही नाही. हे आकुंचन होतं.

रस गोठताना आक्रसतो. बारीक भाग आधी गोठतात, जाड भाग शेवटी, आणि त्या शेवटच्या भागाला वरून रस मिळाला नाही तर आत पोकळी राहते. माझा गेट, म्हणजे रस आत जायची वाट, होता मागच्या मांडीत, 3 मिमीचा. वशिंड 8 मिमी. गेट कधीच गोठून बसलेला, वशिंड मागे उपाशी. त्यात 90-10 चं (90 टक्के तांबं, 10 टक्के कथील) ब्राँझ या बाबतीत फार चिवट: सुमारे 1000 ला गोठायला लागतं ते 850 च्या आसपास कुठे पुरतं गोठतं. मधल्या वेळात आत नुसता लगदा, आणि लगद्यातून ताजा रस पुढे सरकत नाही.

तेव्हा मेणाचं नवं झाड (नंदी आणि रसाच्या वाटा यांची जोडणी) असं बांधलं: नंदी उलटा, गेट थेट वशिंडाच्या माथ्यावर, 6 मिमीचा आणि होईल तितका आखूड, त्याच्यावर लगेच मेणाचा गोळा, वशिंडापेक्षा जाड, म्हणजे शेवटी गोठायचा मान त्या गोळ्याचा. फ्लास्क 540 ऐवजी 480 वर ओतला. धाकधूक होती वेसणीची, कारण ती जेमतेम 0.8 मिमीची आणि फ्लास्क थंड केला की बारीक काम अर्धवट राहतं. पाण्यात फ्लास्क बुडवला, इन्व्हेस्टमेंट गळून पडली आणि नाकातून आरपार गेलेली अख्खी वेसण दिसली. ती मी कितीतरी वेळ नुसती बघत होतो. पोकळी गेली गोळ्यात, जिथे जायला हवी होती तिथेच.

सिलिकॉन ब्राँझ घ्या, असं सुचवणाऱ्यांना: ते लवकर गोठतं, वाहतंही छान, मान्य. पण कथलाच्या ब्राँझचा रंग त्याला नाही, आणि नंदी मला त्याच रंगात हवाय. कथील मात्र कल्हईवाल्यांकडे जातं तेच घ्या आणि दुकानातच कांडी कानाशी धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना करकरतं. शिसं मिसळलेलं असेल तर तो आवाज दबतो. सोल्डरच्या कांड्या कथील म्हणून गळ्यात मारणारे आहेत. तांब्यासाठी मला तांबट आळीतले पत्र्याचे तुकडे वाइंडिंगच्या तारेपेक्षा कधीही बरे वाटतात. तारेवरच्या लाखेचा धूर आणि वर जमणारा मळ नको होतो.

कालवलेल्या इन्व्हेस्टमेंटमधली हवा ज्या पंपाने खेचून काढतो, त्या व्हॅक्यूमच्या काट्याबद्दलही विचारणा झाली होती. पंपाच्या कागदावर 29 इंच (पाऱ्याचे) छापलेलं असतं आणि आपल्याकडे काटा 28 च्या पुढे हलत नाही. पंप बदलू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर आहे, इथे हवेचा दाबच तेवढा. 25 अंशांच्या पाण्याला उकळी फुटायला इथे 27 पुरतात, आणि इन्व्हेस्टमेंट उसळून खाली बसली की काम झालं.

आता उरलं वशिंडाचा माथा. गेट कापल्यावर तिथली झुलीची किनार गेली, ती ठशांनी परत उठवतोय. एका नंदीला ठीक आहे, पण जोडी करायची आहे, आणि दर वेळी किनार ठोकत बसणं पटत नाही. नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागी 1974 मध्ये सापडलेले ब्राँझचे हत्ती, गेंडा भरीव ओतलेले आहेत, म्हणून मीही भरीवचा हट्ट धरला होता. पण हे लिहितालिहिता वाटतंय, नंदी बसलेला आहे, चौथरा खालून कोणाला दिसणार? मेण खालून कोरून सगळीकडे 3 मिमीची भिंत ठेवली तर जाड भागच उरणार नाही. पोट खालून उघडं, म्हणजे इन्व्हेस्टमेंट आपोआप आत शिरून गाभा होईल, गाभा धरायला खिळेही नकोत. गेट चौथऱ्याच्या कडेला दोन-तीन ठिकाणी, किनार शाबूत. रसही कमी लागेल. मेणाच्या वजनाच्या नऊपट धरतो मी, बटणाचा (ओतायच्या तोंडाशी उरणाऱ्या गोळ्याचा) वेगळा.

तेव्हा वाकीचं काम पुढे ढकलतोय, आधी पोकळ नंदी. एकच शंका: वशिंडाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत बुडबुडा अडकला तर रस तिथे शिरून गाठ होणार. गेट चौथऱ्याला असल्याने इन्व्हेस्टमेंट ओतताना नंदी सरळ आणि पोटाचं तोंड खाली राहील, हवा वशिंडातच अडकू शकते, म्हणून आधी आत ब्रशने पातळ इन्व्हेस्टमेंट लावून घेईन. एवढ्या लहान आकारात 3 मिमीपेक्षा पातळ भिंत कोणी नेली असेल तर फ्लास्कचं तापमान किती ठेवलं होतं ते नक्की सांगा.