पीडीवाल्या काकू आणि 1974 चं जनरल रजिस्टर

यंदाचा म्हणजे 2025 चा जून आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. पहिल्यांदाच सगळ्या राज्याचं अकरावीचं ॲडमिशन ऑनलाइन, खिडकीवर पालकांची ही गर्दी, कुणाचा फॉर्म लॉक होईना, कुणाला ओटीपी येईना, आणि वरून साइट स्लो. त्या गर्दीत एक काकू शांत उभ्या होत्या, पासष्टी कधीच ओलांडलेल्या, हातात प्लास्टिकची फाइल. मला वाटलं नातवाच्या ॲडमिशनला आल्या असतील. नंबर आल्यावर म्हणाल्या, "मला माझंच सर्टिफिकेट पाहिजे. मी इथं पीडीला होते, 74 साली."

शेजारच्या टेबलावर नवीन लागलेला मुलगा आहे, त्यानं हळूच विचारलं, "पीडी म्हणजे?" त्याचा काय दोष, त्याच्या जन्माआधी कितीतरी वर्षं ती भानगड संपलेली.

पीडी म्हणजे प्रीडिग्री. तेव्हा मॅट्रिक म्हणजे जुनी एसएससी अकरावीला असायची आणि ती पास झाली की मूल थेट कॉलेजात यायचं. पण डिग्रीचा अभ्यास सुरू व्हायच्या आधी मधे एक वर्ष, कुठं त्याला पीडी म्हणायचे कुठं पीयूसी म्हणजे प्री-युनिव्हर्सिटी. हे मधलं वर्ष शाळेचं की कॉलेजचं हा घोळ फार जुना आहे. ब्रिटिशांच्या काळात मुंबई विद्यापीठात मॅट्रिकनंतर प्रीव्हियस, मग इंटर, मग बीए अशा पायऱ्या होत्या. 1952-53 च्या मुदलियार आयोगानं इंटर काढून टाका म्हणून सांगितलं, एक वर्ष शाळेला जोडायचं आणि साध्या हायस्कूलमधून येणाऱ्यांसाठी एक वर्षाचा प्री-युनिव्हर्सिटी कोर्स ठेवायचा. मग 1964-66 चा कोठारी आयोग आला, त्यातून 10+2+3 चा आकृतिबंध निघाला, म्हणजे दहा वर्षं शाळा, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज, तीन वर्षं डिग्री, आणि महाराष्ट्रात 1975 ला तो लागू झाला. त्या वर्षी नवीन दहावीची बॅच आणि जुन्या अकरावीची शेवटची बॅच एकदमच बाहेर पडल्या. बारावीची पहिली बोर्ड परीक्षा 1977 ची.

काकूंना आता बीए करायचं होतं, मुक्त विद्यापीठातून. ऑनलाइन फॉर्ममधे शिक्षणाच्या रकान्यात पर्याय दोनच, दहावी नाहीतर बारावी. पीडीची मार्कलिस्ट घर बदलताना कधीतरी गेली. सायबर कॅफेवाल्यानं सांगितलं, काकू तुमचं शिक्षण दहावीच धरावं लागेल. हे सांगताना काकूंचा आवाज चढला, "अकरा अधिक एक बाराच होतात ना हो?" होतात की. खिडकी त्या नवीन मुलाच्या ताब्यात दिली आणि मी शिपाईमामांना घेऊन रेकॉर्ड रूमला गेलो.

जुनी रजिस्टरं सालवार लावलेली होती हे नशीब. कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा सगळी बाहेर काढून झटकून परत लावली होती, नाहीतर दोन दिवस धुळीत गेले असते. 1974 चं जनरल रजिस्टर म्हणजे दोन्ही हातांनी उचलावं असं, कापडी बांधणी, कडा वाळवीनं थोड्या खाल्लेल्या पण आतली शाई अगदी ठसठशीत. माहेरचं नाव काकूंनी कागदावर लिहून दिलं होतं. जूनच्या पानांवरच सापडलं. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, वर्ग 'प्री-डिग्री आर्ट्स', पुढं उत्तीर्णचा शेरा. मग 1975 च्या जूनमधे पुढच्या वर्गात प्रवेश. आणि शेवटच्या दोन रकान्यांत, कॉलेज सोडल्याची तारीख डिसेंबर 1975, सोडण्याचं कारण 'विवाह'.

मामांनी ते मोठ्यांदा वाचलं आणि गप्पच झाले. मी सहज म्हणून पुढची पानं चाळली तर हेच कारण कितीतरी मुलींच्या पुढं, एकाच अक्षरात.

रजिस्टर वर ऑफिसात आणून काकूंना दाखवलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि मग जे बोलत सुटल्या की रांगेतले पालकसुद्धा ऐकत राहिले. तेव्हा मुली आपल्या आपण वर्गात जाऊन बसत नसत, लेडीज रूममधे थांबायच्या, सर आले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायच्या आणि तास संपला की सरांच्या मागोमागच बाहेर. पुढचे दोन बाक मुलींचे. गॅदरिंगला फिशपॉन्ड पडायचे, त्यातला स्वतःवर पडलेला त्यांना अजून तोंडपाठ होता, पण सांगितला नाही, नुसत्या हसल्या. भित्तीपत्रकात त्यांची कविता लागली होती. मी हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, कारण असलं काही आमच्या कुठल्याच फाइलीत नाही.

आणि इथंच मला खरं बोलायचं आहे. आमच्याकडं यंदा ज्युनिअर कॉलेजची 50 वर्षं म्हणून सुवर्णमहोत्सव चालू आहे, स्मरणिका निघणार आहे, त्यात इतिहास सुरू होतो 1975 पासून. सीनियरवाल्यांची माजी विद्यार्थ्यांची यादी डिग्री घेतलेल्यांची. म्हणजे पीडी करून थांबलेली मुलं, त्यातल्या त्यात मुली, दोन्हीकडं नाहीतच. याच इमारतीत याच वयाची मुलं याच बाकांवर बसत होती, फक्त वर्गाचं नाव वेगळं होतं, म्हणून ती इतिहासातून बाद? मला हे पटत नाही, आणि प्राचार्यांना मी त्याच दिवशी तसं स्पष्ट सांगितलं.

काकूंना सर्टिफिकेट म्हणून द्यायच्या पत्राचं म्हणाल तर रजिस्टरला असेल तेच नाव द्यावं लागतं, त्यामुळं पत्र माहेरच्या नावानं निघालं, लग्नानंतरच्या नावासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा म्हणून समजावून सांगितलं. मजकुरात मुद्दाम लिहिलं की सदर विद्यार्थिनी अकरा वर्षांच्या जुन्या एसएससीनंतर एक वर्षाचा प्री-डिग्री अभ्यासक्रम उत्तीर्ण आहे. सोबत रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत. डुप्लिकेट मार्कलिस्टसाठी विद्यापीठाकडं कसा अर्ज करायचा तेही लिहून दिलं, पात्रता शेवटी विद्यापीठच ठरवणार. काकू जाताना म्हणाल्या, "बाळा, त्या कारणाच्या रकान्याची पण झेरॉक्स देशील का?" दिली.

स्मरणिकेच्या समितीनं आता पीडीच्या वर्षांसाठी चार पानं मंजूर केली आहेत. चार कमी आहेत, मी आठ मागितली आहेत. रजिस्टरं स्कॅन करायचं काम संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर चालू आहे, 1971 पर्यंत झालं. तुमच्या घरात कुणी पीडी किंवा पीयूसी केलेलं असेल तर त्यांच्याकडून तेव्हाचं ऐकून लिहून ठेवा आणि आपापल्या कॉलेजला नेऊन द्या, रजिस्टरात फक्त रकाने असतात.