एमएसचा एमआरआय समजून घेताना गाडी अडते ती जुन्या सीडीपाशी

‘फिल्म दिली, रिपोर्ट दिला, मग सीडी कशाला हवी?’ मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) असलेल्यांबरोबर बसून त्यांचे एमआरआय समजावून सांगण्याचं काम मी करते. त्यात सगळ्यात जास्त वेळ खातो तो स्कॅन सेंटरच्या काउंटरवरचा हा प्रश्न. स्कॅनची तारीख मिळते, मशीनमध्ये हलायचं नाही हेही निभावतं, डॉक्टरांची वेळ मिळते. पण आधीच्या स्कॅनचा मूळ डेटा कुणाकडेच नसतो, आणि समजावून सांगण्यासारखं निम्मंअधिक तिथेच हातचं जातं.

कारण एमएसच्या फॉलोअप स्कॅनमधून विचारायचं असतं ते एवढंच: नवा डाग (इजा झालेली जागा) आलाय का, जुना वाढलाय का? रिपोर्टमध्ये ‘मल्टिपल’ हा शब्द वाचून माणूस रात्रभर झोपत नाही. पण वीस डाग असतील आणि पाच वर्षांपूर्वी तेच वीस असतील, तर ती चांगली बातमी आहे. मागच्या वर्षी चार होते आणि आता सहा दिसतायत, तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतील. त्रास काहीच जाणवला नाही म्हणून डाग आले नसतील, असंही धरता येत नाही. ॲटॅकपेक्षा, म्हणजे त्रास अचानक उफाळण्यापेक्षा, नवे डाग कितीतरी जास्त वेळा येतात, आणि बरेचसे गुपचूप येतात. म्हणून रिपोर्टच्या तळाशी ‘तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही’ असं वाक्य दिसलं की मला राग येतो. हजारो रुपये भरून माणसाला मुख्य प्रश्नाचं उत्तरच मिळालेलं नसतं.

फिल्मवर तुलना नीट होत नाही. एका शीटवर वीसेक छोटी चित्रं, तीही कुणीतरी निवडलेली. मोठी करता येत नाहीत, उजेड कमीजास्त करता येत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं तेच. लिंक दिली असेल तर ती काही दिवसांनी उघडेनाशी होते. म्हणून काउंटरवर मागताना नेमकं मागा: ‘पूर्ण स्टडी, सगळ्या सिरीज, डायकॉम फॉरमॅटमध्ये.’ सिरीज म्हणजे एकेका पद्धतीने काढलेल्या चित्रांचा संच, डायकॉम म्हणजे मशीनमधून निघालेल्या मूळ चित्रांचा फॉरमॅट. सीडी हातात आली की शक्यतो तिथेच, नाहीतर त्याच दिवशी उघडून बघा. आत ‘DICOMDIR’ नावाची फाइल आणि शेजारच्या फोल्डरमध्ये पुष्कळ, बहुधा शेकडो फाइल दिसायला हव्यात. पंधरावीस जेपेग दिसले तर लगेच परत करा. महिन्याभराने गेलात की ‘सर्व्हरवरून गेलं’ हे उत्तर तयार असतं.

तसं उत्तर आलं तर काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. रेडिओलॉजिस्टच्या किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या: नाव, रुग्ण क्रमांक, स्कॅनची तारीख, कुठला भाग. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा, पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. पण त्याच नियमांतली ३ वर्षं जपून ठेवण्याची अट दाखल झालेल्या रुग्णांच्या कागदपत्रांबद्दल आहे. बाहेरून येऊन केलेल्या स्कॅनसाठी तिच्यावर विसंबू नका. प्रत आपल्याकडेच हवी.

आणि सीडी ही जपायची वस्तू राहिलेली नाही. पावसाळ्यात बुरशी चढते, ओरखडे पडतात, नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी करा. आतल्या फाइलींची नावं बदलू नका, त्यातल्या निवडक उचलू नका. बाहेरच्या फोल्डरला तेवढी तारीख आणि भाग लिहा: ‘२०२४-०३ मेंदू व मान’.

याहून महत्त्वाचं म्हणजे हा जुना डेटा नव्या स्कॅनच्या आधी सेंटरला द्यायचा. रिपोर्ट लिहून झाल्यावर दिलात तर पुरवणी रिपोर्टसाठी पुन्हा रांग. बऱ्याच ठिकाणी व्हायरसच्या भीतीने पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत, म्हणून एक सीडी जवळ ठेवाच. फॉर्मवर ठळक लिहा: ‘अमुक तारखेच्या स्कॅनशी तुलना करून रिपोर्ट द्यावा.’ रिपोर्ट आला की आधी तीच तारीख त्यात शोधा. नसेल तर तुलना झालेली नाही असं समजा आणि तिथल्या तिथे विचारा.

तुलना चुकते कशामुळे, हेही माहीत असू द्या. जुना स्कॅन ५ मिमी जाडीच्या कापांचा आणि मध्ये मोकळी जागा सोडून केलेला असेल, तर बारीक डाग दोन कापांच्या मधे हरवू शकतो. पुढच्या वर्षी ३ मिमीच्या सलग कापांत, किंवा १ मिमीच्या थ्रीडी फ्लेअरमध्ये (डाग उठून दिसावेत अशा पद्धतीने काढलेल्या चित्रांत) तो दिसला की नवा वाटतो. डोकं थोडं वेगळ्या कलात ठेवलं तरी हेच होतं. १.५ टेस्लाच्या मशीनवरून ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर गेलात तर जास्त डाग दिसू शकतात, रोग तेवढाच असला तरी. त्यामुळे शक्यतो तेच मशीन, तोच प्रोटोकॉल (स्कॅन काढायची ठरलेली पद्धत). जवळचं आणि स्वस्त म्हणून दर वर्षी सेंटर बदलणं एमएसमध्ये महागात पडतं.

घरी बघायचं असेल तर विंडोजवर रेडिअँट किंवा मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस. फ्लेअर सिरीज उघडा: मेंदूतलं पाणी काळं आणि डाग पांढरे दिसतील. टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत पाणीही पांढरं असतं, म्हणून मेंदूतल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्यांना चिकटलेले डाग त्यात लपतात. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात आणि मज्जारज्जूत मात्र टी-२ वर जास्त विश्वास ठेवतात. पडद्यावरची उजवी बाजू ही तुमची डावी. जुना आणि नवा स्कॅन शेजारी लावून आधी पोकळ्यांचा आकार जुळवा, मगच डागांकडे वळा.

प्रत्येक पांढरा ठिपका एमएसचा नसतो. अर्धशिशी, रक्तदाब, वय यांनीही बारीक ठिपके येतात. एमएसचे डाग बहुधा पोकळ्यांच्या कडेला लांबट उभे, मेंदूच्या बाह्यावरणालगत, लहान मेंदू आणि मेंदूस्तंभात, नाहीतर मज्जारज्जूत असतात. मज्जारज्जूतला डाग सलग ३ किंवा जास्त मणक्यांच्या उंचीचा असेल, तर डॉक्टर एनएमओचाही (एमएससारखा वाटणारा पण वेगळा आजार) विचार करतात आणि ॲक्वापोरिन-४ ची रक्ततपासणी सांगतात. तिथे उपचार वेगळे, आणि एमएसची काही औषधं अपायकारक.

टी-१ या आणखी एका प्रकारच्या चित्रांतल्या काळ्या डागाला रिपोर्टमध्ये ‘ब्लॅक होल’ म्हणतात. शब्द वाचून घाबरू नका. ताजा असेल तर सूज उतरल्यावर काही महिन्यांत पुसट होऊ शकतो. टिकून राहिला तर तिथे तंतू कायमचे गेलेत असं मानतात.

कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या इंजेक्शनबद्दल, लोक खूप विचारतात. डाग कॉन्ट्रास्टने उजळला तर तो ताजा, साधारण गेल्या काही आठवड्यांतला. स्टेरॉइडची सलाइनं नुकतीच झाली असतील तर डाग न उजळण्याची शक्यता असते, म्हणून ती कधी घेतली ते फॉर्मवर लिहा. किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. जुळणारा जुना स्कॅन हाताशी असेल, तर दर वर्षीच्या तपासणीला कॉन्ट्रास्टची गरज बहुधा पडत नाही; २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी हेच सांगतात. जुन्या सीडीने एक इंजेक्शन आणि त्याचा खर्च वाचतो, हे काउंटरवरच्या माणसालाही सांगते मी.

एक राहिलंच. नवं औषध सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी एक स्कॅन करून घेतात. औषध लागू पडण्याआधी आलेले डाग औषधाच्या नावावर जमा होऊ नयेत, म्हणून पुढची सगळी मोजणी या स्कॅनपासून करायची असते. बाकी कुठली सीडी हरवली तरी एक वेळ चालेल. याची प्रत घेतल्याशिवाय सेंटरमधून निघू नका.