रोझ बर्ड : मतदारांनी घरी पाठवलेल्या मुख्य न्यायमूर्ती

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. तेव्हापासून सावंतवाडीच्या बार रूममध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकांचा विषय वरचेवर निघतो, आणि ‘न्यायाधीशही लोकांनीच ठरवावेत’ असे कोणी म्हणाले की मी रोझ बर्ड यांचे नाव काढतो.

बर्ड (1936–1999) या कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, आणि त्या आल्या त्या थेट मुख्य न्यायमूर्ती म्हणूनच. 1977 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांना नेमले, तेव्हा न्यायासनावर त्या एक दिवसही बसलेल्या नव्हत्या. गरीब आरोपींची सरकारी खर्चाने चालणारी वकिली आणि ब्राउन यांच्याच मंत्रिमंडळातले कृषी व सेवा खाते, ही त्यांची शिदोरी.

त्या खात्यातले एक काम मला त्यांच्या निकालपत्रांइतकेच मोलाचे वाटते. सॅलडच्या पानांच्या शेतात मजुरांना हातभर दांड्याची कुदळी देत. दिवसभर ओणवे राहून त्यांच्या पाठी कामातून जात, आणि कोणी कंबर सरळ केली की मुकादमाला ते लांबूनच दिसे. 1975 मध्ये या कुदळीवर बंदी आली, तीत बर्ड यांचा पुढाकार होता. आमच्याकडे लावणीला वाकल्यावाचून गत्यंतर नाही; तिथे मात्र इलाज लांब दांड्याएवढाच होता.

तिथल्या पद्धतीत गव्हर्नरने नेमलेल्या न्यायमूर्तीला ठेवावे की नाही, एवढाच प्रश्न मतदारांपुढे जातो. समोर प्रतिस्पर्धी नसतो. 1978 मध्ये बर्ड थोडक्यात तरल्या. पुढे देहदंडाच्या 60 हून अधिक प्रकरणांत, म्हणजे आले तेवढ्या प्रत्येक प्रकरणात, त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. एकदाही वेगळे मत पडू नये, हे मलाही खटकते. पण ते तपासायचे तर निकालपत्रांतली कारणे वाचावी लागतात, आणि प्रचार झाला तो दूरदर्शनवर, खून झालेल्यांच्या नातलगांना पुढे करून. नोव्हेंबर 1986 मध्ये सुमारे 67 टक्के मते विरोधात गेली. त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे न्यायमूर्तीही गेले. बर्ड यांना उघड विरोध करणारे गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनाच त्या तिन्ही जागा भरायला मिळाल्या, आणि 1967 नंतर थांबलेली देहदंडाची अंमलबजावणी 1992 मध्ये पुन्हा सुरू झाली.