दरी, दोन फासे आणि ५१ टक्के

आज दुपारी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला खेळ. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, मी गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

वाटेत दरी आली. उडी जमायला १५ किंवा जास्त पडायला हवे होते. अपूर्णांक म्हटलं की जिच्या पोटात गोळा येतो ती माझी भाची बोटं मोजत म्हणाली, “पंधरा ते वीस म्हणजे सहा आकडे. विसात सहा, शंभरात तीस!”

मी म्हटलं, मैत्रिणीने दोर धरला तर दोन फासे टाक, मोठा आकडा धर. मग साठ टक्के, असं सगळ्यांचं मत पडलं. कागद-पेन्सिल आली. दोन्ही फासे फसण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. उरले ५१. मग नऊ गेले कुठे? यावर चांगली वीस मिनिटं जुंपली. शेवटी सगळ्यांत गप्प बसणारी मुलगी बोलली, “दोन्ही फासे एकदम चांगले पडले तर ते आपण दोनदा मोजतोय ना!”

मला भरून आलं, खरंच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फासे पडले ४ आणि १७. पोरी पलीकडे पोचल्या. पुढच्या वेळी गुहेचा नकाशा त्याच काढून आणणार आहेत, प्रमाणात, एक चौकोन म्हणजे पाच फूट.