पहाटे साडेपाचपर्यंत चुकणारा नकाशा

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही चेलाडी फाट्यावर चहासाठी थांबलो होतो. इथून महामार्ग सोडून नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जायचे होते. चहा हातात येईपर्यंत माझ्या भाचीने मोबाइलवर माझे जिओहॅशिंगचे पान, म्हणजे त्या दिवशी जायचा बिंदू नकाशावर दाखवणारे इंटरनेटवरचे पान, उघडले आणि ती म्हणाली, “मामा, बिंदू हलला.” आदल्या रात्री शनिवारची तारीख निवडल्यावर वेल्ह्याच्या वाटेवरच्या विंझर गावाच्या पुढे दिसलेली लाल खूण आता थेट खोपोलीजवळ होती. मी चहा तसाच बाकावर ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी एका अनोळखी भटक्याने मला नेमके हेच लिहून कळवले होते की, पहाटे निघताना बिंदू एकीकडे होता आणि उजाडल्यावर दुसरीकडे गेला. मी घरी बसून चार संध्याकाळी तपासले, काहीच सापडले नाही, आणि त्यांच्या फोनमध्येच बिघाड असावा असे उत्तर पाठवून मोकळा झालो. त्या उत्तराची मला फाट्यावरच लाज वाटली.

ज्यांनी जिओहॅशिंगचे नाव ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एक्सकेसीडी या इंटरनेटवरील चित्रमालिकेत मे २००८ मध्ये एका चित्राद्वारे ही कल्पना मांडली गेली. त्या दिवसाची तारीख आणि न्यूयॉर्कच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा उघडतानाचा आकडा एकापुढे एक लिहायचा, त्यावर एमडी-५ ही गणिती प्रक्रिया चालवायची आणि येणाऱ्या बत्तीस चिन्हांचे दोन समान भाग करायचे. पहिल्या भागातून अक्षांशाचा अपूर्णांक मिळतो, दुसऱ्यातून रेखांशाचा. आपण राहतो त्या एक अंश बाय एक अंशाच्या चौकोनाला हे अपूर्णांक जोडले की त्या दिवसाचा बिंदू ठरतो. तो कुठे पडेल हे बाजार उघडेपर्यंत जगात कोणालाच ठाऊक नसते, आणि उघडल्यावर मात्र प्रत्येकाला एकच उत्तर मिळते. मग तिथे जायचे.

पुण्याचा चौकोन १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश असा आहे. उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५. यात सिंहगड, राजगड, तोरणा आणि रायगड हे चारही किल्ले येतात, लोणावळा, ताम्हिणी आणि भोर येते, घाट उतरून माणगाव, रोहा आणि पेणही येते. सासवड मात्र थोडक्यात बाहेर राहते. शेजारच्या मुंबईच्या चौकोनाचा मोठा भाग अरबी समुद्राने व्यापलेला असल्याने तिथल्या मित्रांचे बहुतेक बिंदू पाण्यात जातात. या बाबतीत आम्ही पुणेकर फार सुदैवी आहोत, असे मला मनापासून वाटते.

हा बिंदू काढून नकाशावर दाखवणारे पान मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. सांभाळणे म्हणजे काय, हे बाहेरून लक्षात येत नाही. आकड्याचा अपूर्णांक .६० असा शंभरांशापर्यंतच लिहावा लागतो. कुठे शेवटचे शून्य गळले तर एमडी-५ चे उत्तर पूर्ण बदलते आणि बिंदू शंभर किलोमीटर सरकू शकतो. न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या साडेनऊला उघडतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि त्यांची घड्याळे मागे गेल्यावर नोव्हेंबरपासून आठला. एका वर्षी मी ही गोष्ट विसरलो आणि सातनंतर पान आदल्या दिवसाचाच आकडा उचलत राहिले. आपण ३० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला असल्याने खेळाच्या नियमाप्रमाणे आपल्याला नेहमी आदल्या दिवशीचा आकडा लागतो, आणि शनिवार-रविवारी बाजार बंद असल्याने शुक्रवारचाच आकडा चालतो. त्यामुळे शनिवार, रविवार आणि सोमवार या तिन्ही दिवसांचे बिंदू शुक्रवारी रात्रीच कळतात, आणि सुटीचा बेत ठरवायला ते फार सोयीचे पडते.

खालचा नकाशाही एकदा मुळापासून बदलावा लागला. आधी वापरत होतो त्या कंपनीने २०१८ मध्ये दर आणि नियम बदलले आणि एका सकाळी माझ्या पानावरचा सगळा नकाशा करडा पडला. तेव्हापासून नकाशा पानावर दाखवणारी लीफलेट ही मोफत प्रणाली आणि लोकांनी मिळून काढलेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा वापरतो. प्रत्येक बदलानंतर मूळ चित्रातलेच उदाहरण तपासून पाहतो: २६ मे २००५, आकडा १०४५८.६८, उत्तर ३७.८५७७ आणि उणे १२२.५४४५ असेच आले पाहिजे. पायथन या संगणकभाषेच्या ‘अँटीग्रॅव्हिटी’ नावाच्या मॉड्यूलमध्येही हे गणित आहे, त्याच्याशी माझे उत्तर जुळवून घेतो.

गणित बरोबर असूनही नकाशा फसवू शकतो, हे मला पायी चालल्यावरच कळले. ताम्हिणीच्या बाजूला एकदा बिंदू रस्त्यापासून सरळ रेषेत सहाशे मीटरवर दिसत होता. प्रत्यक्षात मध्ये कडा होता आणि बिंदू त्याच्या तळाशी, कोकणाच्या अंगाला. त्यानंतर मी पानावर उंचीच्या समोच्च रेषा आणल्या. त्या फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेल्या आहेत. लष्करी हद्दीही ठळक रंगात दाखवल्या, कारण आमच्या चौकोनात त्या बऱ्याच आहेत आणि नवख्याला त्या झाडीत ओळखू येत नाहीत.

चेलाडी फाट्यावर भाची आणि मी त्या पानाकडे पाहत बसलो. ठीक साडेपाचला तिने पान पुन्हा उघडले आणि खूण विंझरच्या पुढे परत आली. कारण तिथेच उमगले. तारीख काढणारी माझी ओळ ग्रीनिचची तारीख घेत होती, आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने पहाटे साडेपाचपर्यंत माझ्या पानासाठी आदला दिवसच चालू असायचा. शनिवारी पहाटे ते शुक्रवारचा बिंदू दाखवत होते. मी आजवर रोज संध्याकाळी तपासत आलो, तेव्हा दोन्ही तारखा एकच असतात. जो माणूस अंधारात निघतो, त्यालाच ही चूक भेटायची.

मार्गासनी सोडल्यावर उजाडू लागले. डावीकडे राजगडाची माची धुक्यातून वर निघाली होती आणि समोर तोरणा पसरला होता. विंझरच्या पुढे गाडी लावून आम्ही बांधाबांधाने निघालो. बहुतेक खाचरे कापून झाली होती, पेंढ्या रचलेल्या होत्या आणि धसकटांवर दव चमकत होते. बिंदू तिसऱ्या खाचरात होता. तिथे एक वयस्कर शेतकरी आणि त्यांच्या पत्नी भारे बांधत होते. माझ्या हातातला फोन आणि पाठीवरची पिशवी पाहून काकांचे हात थांबले.

“मोजणीला आलात का?” त्यांनी विचारले.

या प्रश्नामागची धास्ती मला कळते. या भागात हातात यंत्र घेऊन शेतात येणारा माणूस बहुधा जमीन घ्यायला किंवा रस्ता आखायला आलेला असतो. “नाही काका, मोजणी नाही,” असे म्हणून मी खाली बसलो आणि त्यांना नकाशा दाखवून, आकडा कुठून येतो आणि आम्ही का येतो, हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “उद्या पन हितंच पडंल का?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. न कापलेल्या पट्ट्यात पाय घालू नका, बांधाच्या कडेने जा, एवढे त्यांनी बजावले. आम्ही तसेच गेलो. फोनवरची अचूकता सहा मीटर दाखवत होती. एका धसकटाशेजारी उभे राहून भाचीने फोटो काढला.

परतताना काकांनी दुसरी वाट दाखवली. ती जुनी पाणंद होती, बैलगाडीपुरती रुंद, पुढे एका साकवावरून रस्त्याला मिळणारी. नकाशावर तिथे काहीच नव्हते. पावसाळ्यात साकवावरून पाणी जाते, असे त्यांनी सांगितले, आणि ओढ्याचे गावातले नावही सांगितले. मी चालत चालत वाट नोंदवून घेतली.

घरी आल्यावर आधी त्या भटक्याला पत्र लिहिले, चूक माझी होती हे स्पष्ट सांगितले आणि क्षमा मागितली. मग ओळ दुरुस्त केली. विचार करताना एक बारकावा लक्षात आला: तारीख पान बघणाऱ्याच्या घड्याळाची घेऊनही चालत नाही, ती बिंदू असलेल्या जागेचीच हवी, कारण न्यू जर्सीत बसून सुटीतल्या पुणेभेटीचा बेत आखणारा कोणी हे पान उघडू शकतो. ते केल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर पाणंद, साकव आणि ओढा काढला, आणि काकांनी सांगितले तेच नाव ओढ्याला दिले.

रविवारी पहाटे पाचचा गजर लावून उठलो आणि अंधारातच पान उघडले. वर रविवारची तारीख होती, आणि बिंदू मुळशीच्या जलाशयात, काठापासून बराच आत पडला होता.