वाघोडियाचा माणूस

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात स्टॉल बुक करायचा फॉर्म माझ्या टेबलावर आठवडाभर पडून आहे. शेठ म्हणतात, भरून टाका. मी आज-उद्या करतोय.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे, ट्रान्सफॉर्मरची रबर-कॉर्क गॅस्केट बनवतो, म्हणजे तेल गळू नये म्हणून जोडात बसवायच्या पट्ट्या. मार्केटिंग, म्हणजे बॅग उचलून फिरणं, माझ्याकडे. इलेक्रामा या वीज-उपकरणांच्या प्रदर्शनावर वाद नसतो. दोन वर्षांनी ग्रेटर नोएडाला भरतं, २०२५ ला फेब्रुवारीत झालं, आणि ट्रान्सफॉर्मरवाले झाडून सगळे तिथे असतात. बर्लिनला कॉइल वाइंडिंगचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-मोटारीतल्या तारेच्या गुंडाळ्यांचं, प्रदर्शन दरवर्षी असतं, तिथे स्टॉल न घेता नुसतं फिरून आलं तरी पुरतं. शेठना मात्र जर्मनीतलंच हॅनोव्हरचं प्रदर्शन हवं, कारण त्यांचे साडू जाऊन आले. हॅनोव्हर म्हणजे अख्खी कारखानदारी. त्यात आमचं गॅस्केट शोधत कोण येणार?

घोळ होतो तो इलेक्रामा नसलेल्या वर्षी. दक्षिणेतलं एक प्रदर्शन, नाव घेत नाही, मीच निवडलं. ब्रोशरवर व्हिजिटरचा आकडा पाच अंकी होता आणि मी भुललो. जर्मनीत असे आकडे एफकेएम नावाची संस्था १९६५ पासून तपासून घेते. या प्रदर्शनात मोजणारे तेच आणि छापणारेही तेच. चहा प्यायला बाहेर जाऊन आलेला माणूस दरवेळी नवा धरतात, हे गेटवर उभं राहून स्वतः पाहिलं. मागायला हवी होती ती मागच्या दोन वर्षांच्या स्टॉलधारकांची यादी. एकदा पैसे घालून दुसऱ्यांदा पुन्हा कोणी घातले, ते तीत दिसतं. एवढी वर्षं या धंद्यात काढून मी ती मागितली नाही.

तीन बाय तीनचा स्टॉल, फॅसियावर, म्हणजे वरच्या नावाच्या पाटीवर, ‘गॅस्केट’च्या जागी ‘बास्केट’. पहिल्या दिवशी आले ते पिशव्या गोळा करणारे विद्यार्थी, आणि आम्हालाच सॉफ्टवेअर नि विमा विकणारे. तिसऱ्या दिवशी जेवणाआधीच समोरच्यांनी खोकी बांधायला घेतली.

तेवढ्यात एक गृहस्थ थांबले. काही न बोलता बोर्डावरची सहा मिलिमीटरची पट्टी काढली, खिशातल्या पेनाभोवती गुंडाळली आणि बाहेरच्या अंगाला चीर पडते का ते उजेडात धरून पाहिलं. मग वास घेतला.

“नायट्रिल रबर?”

“हो.”

“बोल्ट आवळल्यावर बाजूला फुगणार नाही ना?”

“नुसतं रबर फुगतं साहेब. कॉर्क जागच्या जागी दबतं.”

कार्डावरचा पत्ता वाचून ते एकदम मराठीत आले. “अहो, बडोद्याचेच की तुम्ही!”

ते वाघोडियाच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात परचेसला, राहायला प्रतापनगरला. त्यांच्या गेटवर सहा वर्षं मी रजिस्टरमध्ये नाव लिहीत आलोय. वॉचमन वर फोन लावतो, साहेब मीटिंगमध्ये असतात. हे मी त्यांनाही सांगितलं. ते हसले. “तिथे मला खरंच वेळ नसतो हो. इथे दोन दिवस बघायलाच काही नाही.” इलेक्रामालाही ते आले होते. गर्दीत आमचा स्टॉल त्यांना दिसलाच नव्हता.

आमच्याकडे स्टूल एकच. ते त्यांना दिलं आणि मी तासभर खोक्यावर बसून बोललो. परत आल्यावर सॅम्पल गेलं, गरम तेलात पास झालं, आता दर महिन्याला माल जातो.

अकाउंट्सच्या काकांनी ही ऑर्डर त्या प्रदर्शनाच्या खात्यात जमा धरली. मी म्हटलं, काका, अर्ध्या तासावरचं गिऱ्हाईक आहे, प्रदर्शनाचं कसलं? ते म्हणाले, मग सहा वर्षं का नाही आणलंत? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गर्दी असती तर ते भेटले नसते, आणि रिकामा हॉल बघून प्रदर्शन निवडायचं, असं शेठना कुठल्या तोंडानं सांगू?

परवा आयोजकांना मेल टाकला, मागच्या दोन वर्षांची यादी पाठवा म्हणून. काल उत्तर आलं. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर कॉर्नरच्या स्टॉलवर दहा टक्के सूट.